चार नंबरची विहीर आणि उपाशी रंगरूट

ठेकेदाराने पलटणीला फसवलं. चार नंबरची विहीर बुजवली असं त्याने लिहून दिलं आणि ती बुजवली नाही. तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्यावर जुने पत्रे, पत्र्यांवर वीतभर माती. ज्याने हे काम जागेवर जाऊन तपासायचं होतं, त्याने जागेवर न जाता सही केली. त्या विहिरीत मी पडलो आणि लान्स नाईक लक्ष्मण गोडे गेला. त्याच आठवड्यात मीही एका माणसाला फसवलं होतं. तेही लिहितो. दुसऱ्याचं माप काढताना आपला तराजू झाकून ठेवणं मला जमत नाही.

मी श्रीगोंदा तालुक्यातला. आई-वडील दर साल ऊस तोडायला जायचे. मी दहावी झालो आणि ठरवलं, कोयता धरायचा नाही. तीन भरत्यांना उभा राहिलो. तिसऱ्या वेळी घेतलं. नोकरी पूर्ण केली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. आता शेळ्या-बोकडांचा व्यवहार करतो. बाजारात माझ्याशी सौदा करायला लोक कंटाळतात, कारण मी लवकर मान हलवत नाही आणि राग पटकन येतो. पण या गोष्टीचा राग पटकन आलेला नाही. तो पाच वर्षं मुरलेला आहे.

तेव्हा आमची गार्ड नगरच्या पूर्वेला एका फायरिंग रेंजवर होती. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आम्ही फौजी बोलताना अजून नगरच म्हणतो. गार्डमध्ये मी हवालदार, आठ जवान आणि एक कुक. पत्र्याची बराक, पाण्याची टाकी, सभोवती माळ. काम एकच. आसपासचे लोक गोळ्यांचं भंगार वेचायला तारेखालून आत शिरायचे, त्यांना बाहेर काढायचं. न फुटलेला एखादा गोळा कोणाच्या हातात फुटला तर हात राहत नाही.

दिवस ठरलेला असे. पाच वाजता उठणं. साडेपाचला चहा आणि हत्यारांची मोजणी. सव्वासहाला पहिली गस्त, दोघांची जोडी. मोबाईल पेटीत जमा, बरोबर एक वायरलेस सेट. संध्याकाळी दुसरी गस्त. बराकीच्या भिंतीवर रेंजचा नकाशा होता. ही जमीन एकेकाळी गावांची होती, त्यामुळे आत सात जुन्या विहिरी होत्या. उघड्या विहिरीला लाल गोल, बुजवलेल्या विहिरीला काळी फुली. चार नंबरवर काळी फुली होती. सहा नंबरवर लाल गोल होता. हे लक्षात ठेवा.

पहाटे लोक आत शिरत आणि आम्हाला कळत नसे. भुंकणारं जनावर हवं होतं. मी कंपनीत सुभेदार साहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "ठेवा पिल्लू. पण नफरीत दाखवू नका."

म्हणजे ठेवा, पण कागदावर नको. मी म्हटलं, ठीक.

श्रावण संपत आला होता. तारेच्या बाहेर धुळा नावाच्या धनगराचा मेंढ्यांचा वाडा बसला होता. साठीचा माणूस, अंगाने काटक, बोलणं कमी. त्याच्या कुत्रीला चार पिल्लं होती. त्यातलं एक काळं, छातीवर पांढरा पट्टा असलेलं, अडीच महिन्यांचं. मी गेलो की ते सगळ्यात पुढे येऊन गुरगुरायचं. मला तेच हवं होतं.

"काय घ्याल, बाबा?"

"पैसं नकोत. पावसाचे दिस हायेत. ताडपत्री द्या येक. धा बाय पंधराची."

"कुत्र्याच्या पिल्लाला ताडपत्री? बोकड देताय का?"

"मग बोकड न्या. त्यो भुकत न्हाई."

त्याचा एक पोरगा मागे हसला. मला राग आला. मी तिथेच अर्धा तास घासाघीस केली. शेवटी म्हटलं, देतो ताडपत्री. माझी स्वतःची एक होती, घरासाठी घेतलेली. ट्रंकेच्या कोपऱ्याने ती मधोमध फाटली होती आणि मी ती ठिगळ लावून चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी नेताना मी घडी अशी घातली की ठिगळ आत राहिलं.

धुळाने घडीवर हात ठेवला. "उलगडून बघू का?"

"फौजी माणसाच्या शब्दावर भरवसा नाही का?" मी आवाज चढवला. "कोरी आहे म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला. "बरं. न्या."

घडी उलगडायच्या आत मला निघायचं होतं. पिल्लू काय खातं, कसं खातं, एवढंही विचारायला मी थांबलो नाही. आयुष्यात जनावर घेताना मी हा प्रश्न कधी चुकवलेला नाही. तो त्या दिवशी चुकवला.

पिल्लाचं नाव जवानांनी रंगरूट ठेवलं. नवीन भरती झालेला, म्हणून. पहिल्या संध्याकाळी मी ताटलीत दूध-चपाती कुस्करून ठेवली. लष्करी कुत्र्यांकडे काम केलेल्या एका मित्राने मला नियम सांगितला होता. ताटली दहा मिनिटं ठेवायची, खाल्लं नाही तर उचलायची, पुढच्या वेळेपर्यंत काही द्यायचं नाही. भूक लागली की खातो. मी घड्याळ लावून समोर बसलो. रंगरूट ताटलीपासून दोन हात लांब बसला. नाक हलत होतं, तोंडाला लाळ होती. दहा मिनिटांत तो पुढे आला नाही. मी ताटली उचलली.

दुसऱ्या दिवशी तेच. ताटली जवळ सरकवली तर तो मागे सरके. पाणी प्यायचा, अन्न नाही. कुकने अंडं उकडून दिलं. मग मटणाचा रस्सा. मग कोमट दुधात गूळ. मी मान धरून त्याचं तोंड ताटलीत खुपसलं. तो किंचाळला, अंग चोरून खाटेखाली गेला आणि दोन तास बाहेर आला नाही.

कुक म्हणाला, "उस्ताद, याला मेसचं जेवण पसंत न्हाई. आम्हाला पण न्हाई, पण आम्ही बोलत न्हाई."

बराक हसली. मी हसलो नाही.

गोडेही हसला नाही. लक्ष्मण गोडे अकोले तालुक्यातला, राजूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. सव्वीस वर्षांचा, बुटका, हातांची बोटं जाड. कड्यावर मध काढायला लहानपणापासून दोराने उतरलेला. घरी आई एकटी होती. तो खाटेखाली पालथा पडून पिल्लाकडे बघत बसला.

"उस्ताद, हे आजारी न्हाई. डोळा साफ हाय."

"मग खात का नाही?"

"भ्यालंय. ताटलीला भ्यालंय."

"ताटलीला कोण भितो?"

"त्येच तर कळंना."

चौथ्या सकाळी मी रंगरूटच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही, तशीच उभी राहिली. हिरड्या फिक्या पडल्या होत्या. मला वाटलं, धुळाने आजारी पिल्लू गळ्यात मारलं. मी ठरवलं, आज परत करायचं. पिल्लू परत, ताडपत्री परत. पाठीवरचा पिठ्ठू छातीवर उलटा बांधला, त्यात पिल्लू ठेवलं आणि गोडेला घेऊन सव्वासहाला गस्तीला निघालो.

गस्तीचा मार्ग तारेच्या कडेने होता. वाड्याकडे तसं गेलं तर वीस मिनिटं जास्त लागतात. मी मधून तोडलं. चार नंबरच्या जागेवर आलो तेव्हा गोडे थांबला.

"उस्ताद, इथून नको. आजूबाजूचं गवत हिरवं हाय, हे वाळलंय. खाली माती न्हाई."

"चार नंबर आहे. बुजवलेली. नकाशा वाचता येतो का तुला?"

"नकाशा येतो. गवत पण येतं."

"जास्त बोलू नको," मी म्हटलं आणि पाय टाकला.

दहा वाजून गेलेत असं वाटलं तेव्हा घड्याळ पाहिलं. सहा पन्नास झाले होते. पडून दोन मिनिटंही झाली नसतील. मी पाठीवर होतो, घोटाभर पाण्यात. पत्रे आणि फांद्या माझ्याबरोबर खाली आल्या होत्या, त्यांनी पडणं थोडं अडवलं म्हणून जगलो. डावा पाय बाभळीच्या एका ओंडक्याखाली होता आणि गुडघ्याच्या खाली जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. पिल्लू पिठ्ठूत थरथरत होतं. वर आभाळ परातीएवढं दिसत होतं.

"उस्ताद!"

"आहे."

"हात पाय?"

"पाय गेला. ओंडका आहे वर. हलत नाही."

"पिल्लू?"

"आहे."

विहीर साधारण सहा परस, म्हणजे पस्तीसेक फूट, खोल होती. खालचा निम्मा भाग खडकात, वरचा नुसत्या मुरुमात, बांधकाम नाही. पावसाने मुरूम ओला झालेला. मी हललो की वरून खडे पडत. म्हणून मी हलायचं बंद केलं. गोडेने वर सेट चालू केला. मला सगळं ऐकू येत होतं.

"कंट्रोल फॉर पेट्रोल वन. हवालदार विहिरीत पडलेत. पाय मोडला. दोर, स्ट्रेचर, क्रेन पाठवा. ओव्हर."

"पेट्रोल वन, लोकेशन?"

"विहीर नंबर चार. ओव्हर."

थोडा वेळ खरखर. मग, "पेट्रोल वन, चार नंबर बुजवलेली आहे. तिथे विहीर नाही. लोकेशन पुन्हा सांग. ओव्हर."

"मी चार नंबरच्या काठावर उभा हाय. ओव्हर."

"रजिस्टरमध्ये बुजवलेली आहे. तू सहा नंबरवर असशील. नीट बघ. ओव्हर."

"सहा न्हाई, चार! चा-र! ओव्हर."

"ओके. पार्टी निघते. वेट. आउट."

मी खाली पडल्या पडल्या हे ऐकलं. माझ्या अंगाखालचं पाणी खरं होतं, मोडलेला पाय खरा होता, पण रजिस्टरमध्ये मी जिथे होतो ती जागाच नव्हती.

आठपर्यंत कोणी आलं नाही. नऊपर्यंत नाही. साडेनऊला सेट बोलला.

"पेट्रोल वन, पार्टी सहा नंबरवर पोचली आहे. विहिरीत कोणी नाही. तुम्ही कुठे आहात? ओव्हर."

गोडेने सेटचं बटण दाबायच्या आधी एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. मग बटण दाबून शांतपणे पुन्हा चार नंबर सांगितला. सहा आणि चारच्या मध्ये ओढा होता, पावसाने भरलेला. गाडीला मोठा वळसा होता. कंट्रोलने पुन्हा वेट म्हटलं. बराकीतले मोकळे जवान त्याच पार्टीत होते.

या मधल्या वेळात गोडे गप्प बसला नव्हता. त्याने शिट्ट्या मारून धुळाला बोलावलं होतं. धुळाचं डोकं परातीच्या काठावर दिसलं. पागोट्यासकट.

"कोन हाय खाली?"

"मी. ताडपत्रीवाला."

त्याने वाकून खोली बघितली. मग म्हणाला, "दोर हाय माज्याकडं, वाघरीचा. पर जोडाया लागंल. पोरास्नी पाठीवलंय आणाया." वाघर म्हणजे मेंढ्यांना अडवायची जाळी. "पिल्लू कसंय?"

"चार दिवस खाल्लं नाही. मरायला टेकलंय. तुम्ही आजारी जनावर दिलंत मला."

"आजारी?" धुळाचा आवाज पहिल्यांदा चढला. "माज्या वाड्यावर आजारी कुत्रं न्हाई. तुमी त्याला कसं घातलं खायाला?"

"ताटलीत."

"भुईवर ठिवून?"

"मग कुठे ठेवणार?"

"मेंढरं चोरनारे रातच्याला औषद घातलेली भाकर टाकत्यात. कुत्रं मेलं की वाडा मोकळा. म्हून आमी पिल्लाला दूद सुटल्यापास्नं शिकिवतो. भुईवरचं खायाचं न्हाई, भांड्यातलं खायाचं न्हाई. मालकानं आदी चावायचं आन त्यातलंच उष्टं हातानं द्यायाचं. तेवढंच खायाचं. न्हाईतर फटका. मेलं तरी खानार न्हाई त्ये."

चार दिवस मी एका पिल्लाला त्याच्या शिस्तीबद्दल शिक्षा दिली होती.

"मग हे सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"इचारलं कुटं तुमी? घडी उलगडू दिली न्हाई. मी बी सवय उलगडली न्हाई. फिट्टंफाट."

वर गोडे हसला. त्याही परिस्थितीत मला हसू आलं आणि पायातून कळ निघाली.

"बाबा, ठिगळ आहे त्या ताडपत्रीला. मधोमध."

"ठाव हाय. त्याच रातीला गळली."

धुळाने कमरेची भाकरी फडक्यात बांधून दोरीने खाली सोडली. बाजरीची, वर मिरचीचा ठेचा होता तो त्याने पुसून काढला होता. माझे हात चिखलाचे होते, ते शर्टाच्या आतल्या बाजूला पुसले. भाकरीचा तुकडा तोडला, अर्धा चावला, उरलेला बोटांत धरून पिठ्ठूपाशी नेला. रंगरूटने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी चावत होतो. मग त्याने मान पुढे काढली, तुकडा बोटांतून अलगद घेतला. दात लागले नाहीत. दुसरा तुकडा मी नुसताच दिला, बघायला. त्याने तोंड फिरवलं. तोच तुकडा मी चावून दिला. घेतला.

"खातंय का?" वरून गोडे.

"खातंय."

"सावकाश द्या. येकदम दिलं तर वकंल."

मला अजिबात भूक नव्हती आणि तोंडाला कोरड होती. तरी मी त्या पिल्लासाठी एकेक घास चावत होतो. अर्धी भाकरी आम्ही दोघांनी संपवली. साडेदहा झाले होते. तेवढा वेळ मी भिंतीकडे पाहिलं नव्हतं.

अकराला पाहिलं तर माझ्या डोक्यावरच्या बाजूला मुरुमात भेग होती. आधी बोटाएवढी. वीस मिनिटांत तिच्यात मूठ गेली असती. मी आवाज न चढवता वर सांगितलं. गोडेने काठावर पालथं पडून पाहिलं आणि सेट घेतला.

"कंट्रोल फॉर पेट्रोल वन. कड खचतीय. पार्टी किती लांब? ओव्हर."

"ओढ्यापाशी आहे. वेट. तू उतरू नको. ओव्हर."

"कंट्रोल, माती वेट करत न्हाई. ओव्हर."

"पेट्रोल वन, उतरू नको. वेट. आउट."

त्याने सेट गवतावर ठेवला. वाघरीचे दोर जोडून झाले होते. एक टोक बाभळीला, मध्ये धुळा, त्याचे दोन पोरगे आणि त्याची बायको. गोडे भेगेच्या समोरच्या बाजूने खाली आला. पाय भिंतीला जवळजवळ न लावता. इतकं हलकं उतरताना मी कोणाला पाहिलं नाही.

"तुला ऑर्डर आहे न उतरायची," मी म्हटलं.

"व्हय. ऐकली."

त्याने ओंडक्याखाली एक फांदी घातली आणि तिच्यावर अंग टाकलं. तिसऱ्या झटक्याला पाय सुटला. मी ओरडलो, त्याने लक्ष दिलं नाही. फांदीच्याच दोन काठ्या माझ्या पायाला बांधल्या. मग दोर माझ्या काखेतून घेतला.

"आधी तू जा. दोघांना बसत नाही दोर," मी म्हटलं. "हा हुकूम आहे."

"जखमी आदी. हे तुमीच शिकिवलं."

"गोडे."

"उस्ताद, पिल्लाचं डोकं आत घ्या. आपटंल त्याचं."

त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. मी पिल्लाचं डोकं आत घेतलं. त्याने वर हाक दिली, दोर ताणला गेला. मी वर जात असताना तो खालून माझा मोडका पाय हाताने धरून भिंतीपासून लांब ठेवत होता, हात पोचत होता तोवर. काठावर धुळाने माझा पट्टा धरला आणि मला ओढून गवतात टाकलं. त्याच्या बायकोने दोर सोडवला. दोर परत खाली गेला. अर्ध्यावर गेला असेल.

आवाज मोठा झाला नाही. पोतं ओतल्यासारखा झाला. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

धुळाचे पोरगे खाली उतरायला निघाले. धुळाने त्यांना धरलं. मी सरपटत काठाकडे गेलो, त्याच्या बायकोने माझा शर्ट धरून ठेवला. मी हाका मारल्या. किती ते आठवत नाही. बारा चाळीसला पार्टी पोचली. चार माणसं, एक दोर, क्रेन नाही. क्रेन तीनला आली. गोडेला चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर काढलं.

मी दवाखान्यात असताना चौकशी झाली. चौकशीच्या लोकांनी जागा पाहिली तेव्हा पत्रे तिथे नव्हते. ज्या पत्र्यांनी माझ्या पाठीवर काप पाडले ते पत्रे पाच दिवसांत नाहीसे झाले. अहवालात आलं की विहीर नियमाप्रमाणे बुजवली होती आणि पावसाने भराव खचला. हवालदाराने नेमलेला मार्ग सोडला. लान्स नाईक गोडे आदेश डावलून विहिरीत उतरला.

माझ्याबद्दलचं वाक्य खरं आहे. मी मार्ग सोडला, गवत वाचणाऱ्याला गप्प केलं. त्याची शिक्षा झाली, बढती गेली. ती मी घेतली.

दवाखान्यात खाटेपाशी एक जण येऊन बसला होता. हुद्दा लिहीत नाही. तो गोड बोलला. "तुम्ही पत्र्यांचं काढलंत तर ते पिल्लाचं काढतील. ड्यूटीवर खाजगी कामाला निघाला होतात. पेन्शनला दीड वर्ष राहिलंय. विचार करा." मी विचार केला. आयुष्यभर सौदे करणारा माणूस मी. त्या दिवशी मी सगळ्यात वाईट सौदा केला. जबाबात पत्रे सांगितले नाहीत. विहिरीतून मला बाहेर काढलं होतं, पण त्या जबाबातून मला कोणी बाहेर काढलं नाही. पेन्शन सुरू झाली आणि मी चार अर्ज केले. तीन ठिकाणांहून उत्तर एकच, चौकशी पूर्ण झालेली आहे. चौथ्याने उत्तरच दिलं नाही.

रंगरूट आता माझ्याकडे आहे. पाच वर्षांचा झाला. त्याला मी ताटलीची सवय लावायचा प्रयत्न केला नाही. रोज दोन वेळा मी आधी चावतो, मग तो खातो. बाजारला मुक्काम पडला तर तो तेवढे दिवस उपाशी राहतो, म्हणून मी मुक्काम करत नाही. धुळाला मी नवी ताडपत्री दिली. त्याने ती माझ्यासमोर पूर्ण उलगडली, चारी कोपरे पाहिले आणि मग घेतली. बरोबर केलं.

मी राजूरला गेलो होतो. बाजारापासून वर दोन तास चालत त्यांची वाडी. गोडेची आई दारात नाचणी पाखडत होती. मला पाणी दिलं. लक्ष्मणचा फोटो आत भिंतीवर होता, भरतीच्या वेळचा, कान बाहेर आलेले. तिने एकच विचारलं.

"पोरानं हुकूम मोडला, म्हून मेला, आसं कागदात हाय म्हनं. खरं का?"

मी सांगितलं, त्याने माझा जीव वाचवला. ती म्हणाली, "त्ये मला ठाव हाय. मी कागदाचं इचारलं."

मी तांब्या खाली ठेवला आणि उठलो. हुकूम होता आणि त्याने मोडला. पण तो हुकूम ज्या रजिस्टरच्या भरवशावर दिला गेला ते रजिस्टर खोटं होतं. पार्टी सरळ चार नंबरवर आली असती तर आठच्या आत पोचली असती. तेव्हा भेग पडलेली नव्हती. लक्ष्मण गोडेला उतरावं लागलं नसतं. आज तो एकतीस वर्षांचा असता.

ठेकेदाराला मी ओळखतो. तो ठेकेदारासारखा वागला, त्याचं मी बघून घेईन. मला जाब हवा आहे तो सही करणाऱ्याकडून. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तुमची सही आहे. तुम्ही चार नंबरवर कोणत्या तारखेला गेला होतात? किती ट्रॉल्या भराव पडला तो तुम्ही डोळ्यांनी पाहिलात का? पत्रे कोणाच्या गाडीतून गेले? आणि एका जवानाच्या नावापुढे लिहिलेलं ते वाक्य कोण खोडणार?

उत्तर मला नको. राजूरला जा, वर चढा, गोडेच्या आईसमोर उभे राहून सांगा. ती घरीच असते.